कात्रीची शंभर वर्षं : ‘महात्मा’पासून ‘फुले’पर्यंत

 

आजचा आपला विषय सिनेमाच्या सेन्सॉरचा आहे. या विषयावर बोलायचं म्हटलं की लोक दोन गटांत विभागले जातात. एक म्हणतो, सेन्सॉर हवंच, नाहीतर पोरं बिघडतील. दुसरा म्हणतो, सेन्सॉर नकोच, लोकशाही आहे. आपण आज या भांडणात लगेच उडी घेणार नाही. आपण इतिहास बघणार आहोत. कोणत्या काळात नेमकं काय कापलं गेलं? कात्री धरणाऱ्याला भीती कशाची होती? आणि ती भीती ओसरल्यावर कापलेलं परत आलं का?

सुरुवात आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या कागदापासून करू. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर काही सेकंद एक प्रमाणपत्र दिसतं. बहुतेक जण तेव्हा पॉपकॉर्न सांभाळत असतात. त्यावर सिनेमाचं नाव असतं, लांबी असते आणि मोठं अक्षर असतं, यू किंवा ए. पण काही प्रमाणपत्रांवर डावीकडे खालच्या कोपऱ्यात एक छोटा त्रिकोणही असतो. त्याचा अर्थ, या सिनेमातून काहीतरी काढलेलं आहे. काय काढलं, ते प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात लिहिलेलं असतं, जो प्रेक्षकाला दिसत नाही. म्हणजे काहीतरी गेलं एवढं कळतं, काय गेलं ते कळत नाही.

आता मागे जाऊ. आपल्याकडे सिनेमाचा पहिला कायदा १९१८ चा. तो १९२० मध्ये अमलात आला आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे सेन्सॉर मंडळं स्थापन झाली. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष कोण? पोलीस कमिशनर! इथेच सगळं आलं. सिनेमा ही कला आहे की करमणूक, हा प्रश्न सरकारला पडलाच नव्हता. सरकारच्या लेखी तो कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होता, मोर्चासारखा, जमावासारखा.

त्यामुळे त्या काळातल्या कात्रीला चुंबनापेक्षा नावांची धास्ती जास्त होती. १९२१ च्या ‘भक्त विदुर’मधला विदुर गांधीजींसारखा दिसतो, म्हणून मद्रास आणि कराचीत त्यावर बंदी आली. कथा महाभारतातली, पण वेश विसाव्या शतकातला, हे सरकारी डोळ्यांनी बरोबर हेरलं.

आपल्या प्रभातचंच बघा. १९३० च्या सुमारास शांतारामबापूंनी शिवाजी महाराजांवर मूकपट काढला. नाव होतं ‘स्वराज्याचं तोरण’. मिठाच्या सत्याग्रहाचा तो काळ. ‘स्वराज्य’ हा शब्द पोस्टरवर मोठ्या अक्षरांत लागणार, हे मंडळाला कसं परवडणार? सिनेमाचं नाव बदलून ‘उदयकाल’ करावं लागलं आणि झेंडा फडकावण्याच्या प्रसंगालाही कात्री लागली. पुढे १९३५ मध्ये प्रभातनंच संत एकनाथांवर बोलपट केला. बालगंधर्व नाथांच्या भूमिकेत, विषय अस्पृश्यतेविरुद्धचा. नाव ठेवलं होतं ‘महात्मा’. त्या नावाला मंजुरी मिळाली नाही. सिनेमा ‘धर्मात्मा’ म्हणून पडद्यावर आला. ‘महात्मा’ म्हटलं की लोकांना कोण आठवणार, हे सरकारला पक्कं ठाऊक होतं.

आता गंमत अशी की, मंडळाच्या या कात्रीचा त्या सिनेमांना फारसा तोटा झाला नाही. नाव बदललं तरी प्रेक्षकाला कळायचं ते कळलंच. नाव पुसता येतं, ओळख पुसता येत नाही, हा पहिला धडा.

स्वातंत्र्य मिळालं आणि लोकांना वाटलं, आता कात्री जाईल. ती गेली नाही, तिचं काम बदललं. १९४९ च्या दुरुस्तीनं यू आणि ए असे दोन वर्ग आले. १९५१ मध्ये प्रांतोप्रांतीच्या मंडळांऐवजी एक केंद्रीय मंडळ आलं, आणि १९५२ चा कायदा आला, जो दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. सरकारविरोधी नावांची भीती मागे पडली, नीतिमत्तेची चिंता पुढे आली. पोलीस कमिशनरच्या खुर्चीत जणू घरातला वडीलधारा येऊन बसला.

या वडीलधाऱ्याला ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोर्टात खेचलं. चार शहरांवरच्या त्यांच्या छोट्या माहितीपटात मुंबईतल्या वेश्यावस्तीची दृश्यं होती. त्यासाठी मंडळानं ‘ए’ देऊ केला. अब्बास यांना ‘यू’ हवा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर सरकारनं कात्रीविना ‘यू’ द्यायची तयारी दाखवली. पण अब्बास थांबले नाहीत. त्यांनी विचारलं, प्रदर्शनाआधी सिनेमा तपासायचा अधिकारच सरकारला का असावा? १९७० मध्ये न्यायालयानं तो अधिकार मान्य केला. सिनेमा माणसाच्या भावनांवर इतर कलांपेक्षा जास्त खोल परिणाम करतो, असं त्यामागचं कारण होतं. तोच पाया आजवर टिकून आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. उल्हासनगर कसं वसलं, हे इथे सांगायची गरज नाही. कल्याणची लष्करी छावणी, सिंधहून आलेली निर्वासित कुटुंबं आणि १९४९ मध्ये मिळालेलं नवं नाव. म्हणजे फाळणी हा ज्या गावाचा जन्मदाखला आहे, असं हे गाव. आणि हिंदी सिनेमात फाळणी दाखवायची म्हटलं की मंडळाचा हात थरथरायचा. एम. एस. सथ्यूंचा ‘गर्म हवा’ आठवा. आग्र्यातल्या एका मुसलमान कुटुंबाची गोष्ट. दंगे होतील या भीतीनं तो कित्येक महिने अडकून पडला. नंतर प्रदर्शित झाला आणि त्याला राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळाला! ज्या सिनेमानं देश तुटेल असं वाटलं, त्यालाच देश जोडल्याबद्दल बक्षीस.

१९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘तमस’ आली. प्रमाणपत्र ‘यू’ होतं, तरी ती थांबवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. न्यायाधीशांनी मालिका स्वतः बघितली आणि प्रक्षेपण चालू राहू दिलं. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. ज्यांनी फाळणी अंगावर घेतली, त्यांना ती पडद्यावर झेपणार नाही, हे तिसऱ्यानंच ठरवायचं का? हा प्रश्न आपल्या या पट्ट्याइतका नीट दुसरीकडे क्वचितच कळेल.

आणीबाणीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथली कात्री उघड राजकीय होती. ‘किस्सा कुर्सी का’च्या प्रिंट जाळल्या गेल्या, तो सिनेमा पुन्हा नव्यानं काढावा लागला. ‘शोले’चा शेवट बदलावा लागला. मूळ शेवटी ठाकूर गब्बरला मारतो, तर आपण बघितलेल्या शेवटी ऐन वेळी पोलीस येतात. पन्नास वर्षं आपल्या दोन पिढ्यांनी तो पोलीसवाला शेवटच ‘शोले’ म्हणून पाठ केला. मूळ शेवट असलेली दुरुस्त प्रत २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याला महोत्सवात दाखवली गेली. तुकडे सांभाळलेले होते म्हणून हे जमलं. सगळ्यांचं नशीब असं नसतं.

मग दादा कोंडके. त्यांच्याशिवाय हे व्याख्यान पुरं कसं होणार? दादांनी मंडळाची पंचाईत केली ती अशी की, शब्द स्वच्छ, अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात. कात्री फिल्म कापते, प्रेक्षकाचं मन कुठे कापणार?

१९८३ मध्ये मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ शब्द गेला आणि ‘प्रमाणन’ आला. यूए आणि एस हे दोन नवे वर्ग आले. कागदोपत्री मोठा बदल. कापणं हे मुख्य काम नाही, कुणी बघावं ते सांगणं हे काम, असा त्याचा अर्थ. पण सवयी कायद्यापेक्षा सावकाश बदलतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये मंडळानं नको त्या शब्दांची यादीच काढली. त्याच महिन्यात श्रीराम राघवन यांचा ‘बदलापूर’ ‘ए’ घेऊन लागला. आपल्या गावाचं नाव देशभर पोस्टरवर झळकलं, आणि गावातल्या दहावीच्या पोराला तोच सिनेमा थिएटरात बघायची मुभा नाही! चित्रपट हिंसक आहे, तेव्हा हे वर्गीकरण योग्यच म्हणता येईल. वर्गीकरण म्हणजे हेच, कापायचं नाही, वय सांगायचं.

पण टीव्हीमुळे घोळ होतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५-०६ च्या आदेशांनंतर ‘ए’ सिनेमे टीव्हीवर बंद झाले. टीव्हीचे हक्क म्हणजे निर्मात्याच्या कमाईचा मोठा हिस्सा. मग तोच निर्माता स्वतःहून कात्री घेऊन बसतो आणि यूए मिळवतो. एका सिनेमाच्या दोन आवृत्त्या, दोन अक्षरं. इथे सरकारनं सक्ती केलेली नाही, बाजारानं केली आहे. अशी कात्री आपल्या नजरेत येत नाही.

उलटही घडतं. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ २०१७ च्या इफ्फीतून मंत्रालयानं बाहेर काढला. काही आठवड्यांत मंडळानं त्याच सिनेमाला एकही कट न देता ‘ए’ दिलं. म्हणजे वय सांगून काम भागत होतं.

आता शेवटच्या आणि सगळ्यात अवघड भागाकडे. अनंत महादेवन यांचा ‘फुले’ ११ एप्रिल २०२५ ला, जोतिरावांच्या जयंतीला, लागणार होता. ट्रेलरवर आक्षेप आले आणि तो २५ एप्रिलला लागला. त्याआधी प्रमाणपत्र देताना मंडळानं जे बदल सुचवले, त्यांची यादी बातम्यांत आली. त्यात ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द होते, तीन हजार वर्षांच्या गुलामीचा उल्लेख होता आणि झाडू बांधलेल्या माणसाचं दृश्य होतं.

या शब्दांमुळे कुणाचा अपमान होऊ नये, हा हेतू आपण मान्य करू. जातीचं नाव शिवी म्हणून वापरलं जातं, ही जखम खरी आहे. पण शिवी म्हणून येणारा शब्द आणि पुरावा म्हणून येणारा शब्द एकच नव्हेत. सिनेमात अन्याय दाखवायचा आणि तो कुणावर झाला ते सांगायचं नाही, म्हणजे पंचनामा करायचा पण फिर्यादीचं नाव खोडायचं. आचार्य अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ला १९५४ सालचं राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं होतं. त्याच माणसाच्या गोष्टीतला इतिहास सत्तर वर्षांनी जास्त नाजूक झाला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१९३५ मध्ये ‘महात्मा’ शब्द गेला, तो राज्यकर्त्याच्या भीतीनं. २०२५ मध्ये शब्द गेले, ते लोकांच्या भावनेच्या नावानं. पहिल्या भीतीला आपण आज हसतो. दुसरीला हसायला नव्वद वर्षं लावायची का?

२०२३ च्या दुरुस्तीनं यूएचे वयाप्रमाणे तीन भाग केले, सात, तेरा आणि सोळा. प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत काढली. हे चांगलं झालं. पालकाला जास्त माहिती मिळते. पण कापायचा अधिकार तसाच आहे, आणि निर्मात्याला स्वस्तात दाद मागायची जागा असलेलं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्येच बंद झालं. आता थेट उच्च न्यायालय. पटवर्धनांसारखा खमका माणूस तिथवर जातो आणि ‘वॉर अँड पीस’ कटाविना सोडवून आणतो. नवा मराठी निर्माता प्रदर्शनाची तारीख बघतो आणि कट मान्य करतो.

म्हणून आपली भूमिका सरळ आहे. अक्षर खुशाल द्या, काळाबरोबर ते बदलत राहील, बदलायलाच हवं. कापलेलं मात्र सहसा परत येत नाही, म्हणून कापण्याआधी शंभरदा विचार व्हावा, आणि कापलंच तर ते जपलं जावं, यादी लोकांसमोर असावी. पुढच्या वेळी थिएटरात दिवे मंदावले की पॉपकॉर्न क्षणभर बाजूला ठेवा आणि डावीकडचा खालचा कोपरा बघा. त्रिकोण दिसला तर शेजाऱ्याला विचारा, काय गेलं असेल? या प्रश्नाची सवय लागली, तर आजचा वेळ सत्कारणी लागला.

आता तुमचे प्रश्न घेऊ.