माळढोक पक्षी अभयारण्य, नान्नज

सोलापूर जिल्ह्यातील संरक्षित गवताळ प्रदेश. सोलापूर शहराच्या उत्तरेस सुमारे 20 किमी. अंतरावर, बार्शी रस्त्यावरील नान्नज (ता. उत्तर सोलापूर) हे त्याचे मुख्य केंद्र. अभयारण्याची स्थापना 1979 मध्ये झाली. जवाहरलाल नेहरू माळढोक अभयारण्य असेही त्याचे नाव आहे.

येथे घनदाट जंगल नाही, डोंगर नाहीत, मोठी नदी नाही. पाऊस कमी आणि बेभरवशाचा. मुरमाड जमिनीवर कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते आणि मधूनच बोरी-बाभळी. सरकारी दफ्तरात अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणण्याची पद्धत जुनीच. मात्र माळढोक (अर्डिओटिस नायग्रिसेप्स) ह्या पक्ष्याला नेमका असाच मोकळा, दूरवर नजर पोहोचेल असा माळ लागतो. नर सुमारे मीटरभर उंच आणि 15 किलोपर्यंत वजनाचा. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये हा सर्वांत वजनदारांपैकी एक. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो आणि तो आवाज माळावर दूरपर्यंत जातो. मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर ती बहुधा एकच अंडे घालते. कुत्रा, मेंढ्यांचा कळप किंवा ट्रॅक्टर यांतले काहीही त्या एका अंड्याचा शेवट करू शकते.

नान्नजचे माळढोक 1970 च्या दशकात प्रकाशात आले. त्यांच्या रक्षणासाठी निसर्ग अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी केलेला पाठपुरावा मोलाचा ठरला. अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रमाखाली काही माळांना चर आणि कुंपण घालून चराई बंद करण्यात आली होती. गवत वाढले आणि त्या राखीव तुकड्यांवर माळढोक वीण करू लागले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. असद रहमानी यांच्या नेतृत्वाखाली देशातील माळढोकांचा अभ्यास केला, तेव्हा आंध्रातील रोल्लापाडूबरोबर नान्नज हेही अभ्यासाचे प्रमुख ठिकाण होते.

स्थापनेच्या वेळी अभयारण्याची हद्द तब्बल 8,496 चौ. किमी. होती. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्याचाही भाग तीत येत होता. एवढ्या पट्ट्यात शेते, वस्त्या, रस्ते, बाजारपेठा सगळेच आले. जमीन खरेदी-विक्रीपासून बांधकामापर्यंत प्रत्येक गोष्टीत अडचण येऊ लागली आणि ज्या शेतकऱ्यांच्या रानात माळढोक उतरे, त्यांच्याच मनात त्याच्याविषयी अढी बसली. अखेर क्षेत्र घटवून सुमारे 1,222 चौ. किमी. करण्यात आले. प्रत्यक्षात माळढोक जगला तो नकाशावरच्या विस्तारामुळे नव्हे, तर नान्नज, मार्डी, अकोलेकाटी परिसरातील मोजक्या राखीव गवताळ तुकड्यांमुळे.

ह्याच काळात भोवतालचा मुलूख झपाट्याने पालटला. भीमेवरील उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले; कालव्यांबरोबर ऊस आला. नान्नज द्राक्षांसाठी नावारूपाला आले. ‘सोनाका’ हा प्रसिद्ध वाण येथील शेतकरी नानासाहेब काळे यांनी घडवला. कोरडवाहू ज्वारी, करडई, हरभऱ्याच्या शेतांत माळढोक सहज वावरत असे. उंच उसात आणि तारांनी बांधलेल्या द्राक्षबागांत त्याला जागा उरली नाही. काही माळांवर वृक्षलागवड झाली, तीही त्याला मारकच ठरली. विजेच्या तारा हे आणखी एक संकट. डोळे बाजूंना असल्याने समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळताही येत नाही.

दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यांजवळ मचाण बांधून प्राणिगणना होते. वनकर्मचाऱ्यांबरोबर सोलापूरचे निसर्गप्रेमीही रात्र जागवतात. काळवीट, लांडगा, खोकड, रानडुक्कर यांच्या नोंदी होतात; माळढोकाच्या रकान्यात मात्र अलीकडे कधी एखाद-दुसरा आकडा पडतो, तर कधी तो कोराच राहतो. देशभरचे चित्रही असेच आहे. 1969 च्या सुमारास सुमारे 1,260 माळढोक असल्याचा अंदाज होता. आज ही संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी मानली जाते. 2011 मध्ये हा पक्षी अतिसंकटग्रस्त ठरला. राजस्थानात जैसलमेरजवळ सम येथे 2019 पासून त्याचा बंदिस्त प्रजनन कार्यक्रम सुरू आहे. मात्र तेथे वाढलेली पिल्ले उद्या कुठे सोडायची, ह्याचे उत्तर नान्नजसारखे माळ शिल्लक असले तरच देता येईल.

माळढोक दिसला नाही म्हणून नान्नजची फेरी वाया जात नाही. काळविटांचे कळप येथे मोठ्या संख्येने आहेत. लांडगा ह्या माळाचा मुख्य शिकारी आहे. धनगरांच्या मेंढ्यांशी असलेल्या त्याच्या नात्याचाही येथे अभ्यास झाला आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून भोवत्या जातीचे शिकारी पक्षी येतात आणि गवतावर अगदी कमी उंचीवरून घिरट्या घालतात. धाविक, पखुर्डी, चंडोल हे माळावरचे नित्याचे रहिवासी.

प्राणिसंग्रहालयाचे यश तिकीटविक्रीच्या आकड्यांत मांडता येते, माळाचे नाही. गर्दी वाढली तर येथला पक्षी आणखी दूर जाईल. म्हणून येथे जाणाऱ्याने वनविभागाची परवानगी घ्यावी, वनरक्षकाला सोबत घ्यावे, पायवाट सोडून गवतात शिरू नये आणि पावसाळ्यातील विणीच्या हंगामात माळ त्या पक्ष्यासाठी मोकळा ठेवावा.