भोंगा, सी चीफ आणि ३९ मिनिटं

माझ्याकडे समुद्राच्या नावाची दोन घड्याळं आहेत. एक आजोबांचं, फाव्र-लूबा कंपनीचं ‘सी चीफ’. लालबागमध्ये त्याला कुणी फाव्र-लूबा म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. सगळ्यांसाठी ते ‘फेवरलुबा’. दुसरं मी चार वर्षांपूर्वी स्वतःच्या पगारातून घेतलं, टिसोचं ‘सीस्टार १०००’ क्रोनोग्राफ. लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेवर जो मॉल उभा आहे, तिथे घेतलं. घड्याळांच्या जाणकारांसाठी टिसो ही काही चैनीची शेवटची पायरी नव्हे. पण एक महिन्याचं घरभाडं मनगटावर बांधणं ही आमच्या घरात चैनच.

दोन्ही घड्याळं समुद्रात कधी गेलेली नाहीत. सीस्टार ३०० मीटर खोलीचा दाब सोसू शकतं. राजाबाई टॉवर साधारण ८५ मीटर उंच आहे; असे तीन टॉवर एकावर एक ठेवले तरी त्याच्यापेक्षा खोल. प्रत्यक्षात त्याने पाहिलेलं सगळ्यात खोल पाणी म्हणजे गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या रात्रीचं, माझ्या गुडघ्यापर्यंतचं. सी चीफची गोष्ट उलटी. नाव समुद्राच्या सरदाराचं, पण जुलै महिन्यात नुसत्या दमट हवेनेही त्याच्या काचेला आतून वाफ धरते.

मालक म्हणून तुलना करायची तर ती अशी. सीस्टार साडेपंचेचाळीस मिलिमीटरचं, जड, अंधारात लखलखणारं. आत बॅटरी आहे, त्यामुळे वेळ चुकत नाही. सी चीफ त्याच्यापुढे लहान मुलाचं वाटतं. रोज सकाळी चावी द्यावी लागते, नाही दिली तर दुसऱ्या दिवशी ते मुकाट थांबतं. दिवसाला दोन-तीन मिनिटं पुढे जातं. फक्त वेळ बघायची असेल तर सीस्टार जिंकतं, आणि खरं सांगायचं तर फुकटचा मोबाइल या दोघांनाही हरवतो. तरी मला हा प्रश्न सुटत नव्हता की साच्यावर काम करणाऱ्या एका माणसाला १९६७ मध्ये पोहणाऱ्यांच्या नावाचं स्विस घड्याळ कशासाठी हवं होतं.

आधी या समुद्राच्या भानगडीबद्दल. पाण्याखाली गेलेल्या माणसाला किती वाजले याच्याशी घेणं नसतं, त्याला खाली जाऊन किती वेळ झाला हे हवं असतं, कारण टाकीतली हवा मोजकी असते. म्हणून १९५३ च्या सुमाराला ब्लांपां आणि रोलेक्स यांनी काचेभोवती फिरती कडी असलेली घड्याळं काढली. बुडी मारताना कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, पुढे काटा आपोआप झालेली मिनिटं दाखवतो. फाव्र-लूबाने साठच्या दशकाच्या शेवटी यावर कडी केली. त्यांच्या ‘बॅथी’ घड्याळात पाठीमागच्या भोकांतून पाणी आत येऊन एका पातळ पडद्याला दाबायचं आणि एक काटा खोली सांगायचा. मनगटावर खोली दाखवणारं ते पहिलं यांत्रिक घड्याळ. अर्थात बुडण्यावरून वेळ मोजणं आपल्याला नवं नाही. लग्नात भटजी घंगाळातल्या पाण्यावर भोक पाडलेली तांब्याची वाटी सोडायचे, ते घटिकापात्र. वाटी बुडाली की एक घटका म्हणजे २४ मिनिटं झाली. आपलं डायव्ह वॉच स्वतःच बुडायचं, एवढाच फरक.

फाव्र-लूबा मुंबईत आली १८६० च्या दशकात. कंपनी आपला जन्म १७३७ सालचा, स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावचा सांगते. पण तिचं नाव जितकं मुंबईत घेतलं गेलं तितकं क्वचितच दुसरीकडे घेतलं गेलं असेल. कापसाच्या पैशाने शहर फुगत होतं, आगगाड्या सुरू झाल्या होत्या, गिरण्या उभ्या राहत होत्या. ज्या शहरात गाडी आणि भोंगा यांची वेळ पाळावी लागते तिथे घड्याळ खपणारच. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई आली, आयातीवर बंधनं आली, १९६१ मध्ये एचएमटीने बंगळुरात सिटिझनच्या मदतीने देशी घड्याळं बनवायला सुरुवात केली. आणि जे सरळ मार्गाने येईना ते रात्री होड्यांतून किनाऱ्याला लागू लागलं. आजोबांनी सी चीफ दिवाळीच्या बोनसमधून घेतलं एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. बिल मात्र कुणी कधी पाहिलेलं नाही. हा विषय आजी नेहमी चहा टाकायला उठून संपवायची.

आता त्या प्रश्नाकडे. गिरणगावात घड्याळ नसलं तरी वेळ कळायची, कारण भोंगा होता. आजोबांच्या गिरणीत पाळ्या सात, साडेतीन आणि बारा अशा. कुठल्या गिरणीचा भोंगा कुठला हे चाळीतल्या पोरांनाही आवाजावरून ओळखता यायचं. एकाच गाळ्यात दहा-पंधरा माणसं राहायची, एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्याच जागेवर अंग टाकायची. म्हणजे झोपेची जागासुद्धा भोंग्यावर ठरायची. पण भोंगा ज्याच्या हातात, वेळ त्याच्या हातात. तो कधी वाजवायचा हे गिरणी ठरवणार.

हा झगडा आजोबांच्या पिढीत सुरू झालेला नव्हता. तुमच्या मोबाइलवर जी वेळ दिसते ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. एकेकाळी मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढची, म्हणजे मुंबईवरच्या सूर्याप्रमाणे चालणारी. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर धावायची, ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. रस्त्यावर एक वेळ आणि स्टेशनात दुसरी, आणि गाडी चुकली तर दोष नक्की कुणाचा हे शेवटपर्यंत न ठरणारं. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावली. शहराने ती मानली नाही, आणि दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली.

मग १ जानेवारी १९०६ पासून आजची प्रमाण वेळ आली. मुंबईच्या घड्याळापेक्षा ३९ मिनिटं पुढे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण जानेवारीत मुंबईचा सूर्य आजच्या घड्याळाने सव्वासातच्या आसपास उगवतो. जुन्या मुंबई वेळेने ते साडेसहाच्या जरा पुढे व्हायचं. पहाटे अंधारात चाळीतून निघणाऱ्या माणसाला घड्याळाचा काटा पुढे सरकवणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. त्यातच नुकतेच, १९०५ च्या सुमाराला, गिरण्यांत विजेचे दिवे आले होते. तोवर उजाडल्यावर साचे सुरू आणि अंधारल्यावर बंद, असा सूर्याचा तरी धाक होता. दिवे आल्यावर कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. आधी दिव्याने रात्र खाल्ली आणि मागोमाग सरकारने घड्याळाला हात घातला. त्या जानेवारीत काही हजार गिरणी कामगारांनी काम बंद करून गिरण्यांवर दगडफेक केली. शहरात पंधरा हजारांहून जास्त लोकांनी विरोधाच्या अर्जांवर सह्या केल्या. याला अडाण्यांचा घड्याळावरचा राग म्हणणारे तेव्हाही असतील. मला तर वाटतं की या प्रकरणात घड्याळ सगळ्यात नीट कळलं होतं ते त्यांनाच.

सरकारची वेळ टिकली, पण मुंबईची वेळही लगेच मेली नाही. महापालिका आपल्या घड्याळांत मुंबईचीच वेळ ठेवत राहिली, अगदी स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं. जुन्या लग्नपत्रिकांत मुहूर्ताच्या वेळेपुढे ‘स्टँ. टा.’ छापलेलं दिसतं ते त्यामुळे. कुठला टाइम हे सांगितलं नाही तर अर्धी वऱ्हाडी मंडळी अक्षता पडून गेल्यावर पोचायची.

कामाचे तास मात्र कामगारांनी आणि कायद्याने हळूहळू खाली आणले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर आला, १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा, १९४६ मध्ये नऊ. एकेक तास मिळवायला दहा-दहा वर्षं. तास कमी होऊ लागले तसा मालकांचा डोळा मिनिटांवर गेला. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या, त्या संपाचं एक मोठं कारण होतं एका माणसाने जास्त साचे सांभाळावेत अशी नवी योजना.

इथे माझ्या सीस्टारवरची दोन बटणं आठवतात. क्रोनोग्राफ म्हणजे ग्रीकमध्ये काळ लिहिणारा. १८२१ मध्ये निकोला रिउसेकने पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत असं यंत्र वापरलं की ते घोडा पोचला त्या क्षणी तबकडीवर खरोखरच शाईचा ठिपका टाकायचं. पुढे ही मोजणी शर्यतीतून कारखान्यात आली. आजोबा सांगायचे, पन्नास-साठच्या दशकांत त्यांच्या खात्यात एक कोटवाले साहेब हातात स्टॉपवॉच घेऊन मागे उभे राहायचे. तुटलेला धागा जोडायला किती सेकंद, कांडी बदलायला किती, पाणी प्यायला जाऊन यायला किती, सगळं कागदावर. आजोबांना त्या साहेबांचा राग नव्हता, पण त्या टिकटिकीचा होता. मी हौसेने पैसे मोजून ते यंत्र मनगटावर बांधलं, हे कळलं असतं तर ते खूप हसले असते.

सी चीफला बटणं नाहीत, फिरती कडीही नाही. पण साच्यांच्या त्या आवाजात ते एक काम करायचं. पाळी सुटायच्या वेळी भोंगा दोन-चार मिनिटं उशिरा वाजायचा, असं खात्यातल्या लोकांचं म्हणणं होतं. दोन-चार मिनिटांसाठी कोण भांडणार, आणि भांडणार तर कशाच्या आधारावर? भिंतीवरचं घड्याळ गिरणीचं, भोंगा गिरणीचा. घड्याळ घेतल्यानंतर आजोबा सकाळी रेडिओवरच्या बातम्यांच्या वेळी त्याचे काटे लावायचे. साडेतीन वाजले की ते बाही वर करायचे आणि आजूबाजूचे चार साचेवाले त्यांच्या मनगटाकडे बघायचे. बोलायची सोय नव्हती, साचाखात्यात आवाजच एवढा की सगळं खुणेने. एकदा त्यांच्यापैकी काहींनी मिळून लेखी तक्रार दिली, तारीख आणि मिनिटांसकट. तिचं काय झालं ते आजोबांनी कधी नीट सांगितलं नाही. ‘आकडे बरोबर होते’, एवढंच म्हणायचे.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरणगावातले भोंगे गप्प झाले. ती सकाळ कशी होती असं मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘पोरं शाळेला उशिरा गेली.’ आमच्या घरातून आधी आजीच्या बांगड्या गेल्या, मग पितळेचे हंडे, मग सी चीफ. सावकाराने घड्याळावर फार पैसे दिले नाहीत. आजोबा काही महिने गावाला जाऊन राहिले, परत आले, पण गिरणीत परत गेले नाहीत.

घड्याळ चार वर्षांनी बाबांनी सोडवून आणलं. तोवर तबकडीवर काळे डाग पडले होते. दादरच्या एका घड्याळवाल्या काकांकडून त्यांनी ती रंगवून घेतली. काम हाताचं, छान, फक्त ‘सी’ आणि ‘चीफ’मधलं अंतर थोडं जास्त झालंय. जुनी घड्याळं जमवणाऱ्या परदेशी मंडळींत अशा रंगवलेल्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. त्यांच्या हिशेबात माझं सी चीफ जवळपास बिनकिमतीचं. फाव्र-लूबा कंपनी स्वतः २०११ मध्ये टायटनने विकत घेतली आणि पुढे तीही विकून टाकली. सीस्टारला मात्र अजून बऱ्यापैकी किंमत येईल, डबा आणि कागद जपून ठेवलेत.

ऑफिसला मी सीस्टार घालतो. तिथे दारातलं यंत्र माझा अंगठा घेऊन येण्या-जाण्याची मिनिटं लिहितं आणि लॅपटॉप बाकीची. ऑफिसही जुन्या गिरणीच्या आवारातच आहे, चिमणी राखून ठेवलेली. सी चीफ मी रविवारी घालतो. गिरणी कामगारांना ती रविवारची सुट्टीही आयती मिळाली नव्हती. १८९० च्या एप्रिलमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा घेतली, तेव्हा कुठे १० जूनला मालकांनी ती मान्य केली. सकाळी दहाच्या सुमाराला चावी देतो. सहसा ते शनिवारपर्यंत बंदच पडलेलं असतं.