पाण्याखालचा पोहणारा

काचेतून जाताना प्रकाशाचा किरण वाकतो, म्हणून तर कॅमेऱ्यात प्रतिमा उमटते. पण तो नको तसा वाकला, की कडा फिसकटतात आणि चेहरे पुसट होतात. त्यामुळे सुरुवातीच्या भिंगकारांची सगळी बुद्धी या अपवर्तनाला शिस्त लावण्यात खर्ची पडली. जोसेफ पेट्झवाल हा हंगेरीचा गणितज्ञ. व्हिएन्नात असताना, १८४० मध्ये, त्याने निव्वळ आकडेमोडीच्या जोरावर व्यक्तिचित्रांसाठी भिंग रचलं. त्यातून इतका प्रकाश आत येई, की फोटोसाठी कित्येक मिनिटं ताटकळणाऱ्या माणसाची सुटका झाली.

पेट्झवालच्याच देशातल्या एका तरुणाने पुढे ही शिस्त मोडू दिली. आंद्रे केर्तेस, जन्म १८९४, बुडापेस्ट. पहिल्या महायुद्धात तो गोळी लागून जखमी झाला. बरा होत असताना एस्तरगोमच्या तलावात इतर सैनिकांबरोबर तो पोहायला जाई. तिथेच १९१७ मध्ये त्याने वरून, काठावरून, पाण्याखालच्या पोहणाऱ्याचा फोटो टिपला. अपवर्तनाच्या कलात्मक छायाचित्रांची कुळी मी इथूनच धरतो.

चित्र नीट पाहावं. शरीर तिरकं, लांबलचक ताणलेलं. डोकं लाटांत विरघळून दिसेनासं झालेलं. अंगावर उजेडाच्या नागमोडी रेघा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, पाणी स्थिर असतं तर शरीर फक्त थोडं वर उचलल्यासारखं दिसलं असतं. पण तरंगाचा प्रत्येक उतार किरणांना वेगळ्या दिशेला वळवतो, म्हणून शरीर मोडतं, ताणलं जातं. त्या रेघाही अपवर्तनाच्याच: तरंगाचा फुगीर माथा भिंगाचं काम करतो आणि ऊन एका रेषेत गोळा करतो. म्हणजे ऊन पाण्यात शिरताना एकदा वाकलं आणि कॅमेऱ्याकडे परतताना पुन्हा. केर्तेसने यात स्वतःचं काही घातलं नाही. त्याने क्षण निवडला, आणि माझ्या मते तीच खरी कारागिरी.

१९३३ मध्ये पॅरिसला त्याने विकृत नग्नाकृतींची गाजलेली मालिका केली. तिचं मूळ तो या पोहणाऱ्यातच सांगे. ती मालिका मात्र वक्र आरशांची, म्हणजे परावर्तनाची. दोन्हींची सरमिसळ नेहमी होते, म्हणून हे सांगायला हवं.

अपवर्तनाकडे तो परतला म्हातारपणी, न्यूयॉर्कमध्ये. पत्नी एलिझाबेथ १९७७ मध्ये गेली. काचेचा एक छोटा अर्धपुतळा त्याला मिळाला. त्याची मान आणि खांदे पाहून त्याला तिची आठवण येई. तो पुतळा खिडकीत ठेवून पोलरॉइड कॅमेऱ्याने त्याने फोटो काढले. काचेच्या आत ढग आणि मॅनहॅटनच्या इमारती वाकून उतरत. १९८१ मध्ये या फोटोंचं पुस्तक निघालं, एलिझाबेथला अर्पण केलेलं. त्या पोलरॉइडला निगेटिव्ह नसे, नंतर डार्करूममध्ये सुधारायची सोय नसे. पुतळा किती सरकवायचा, ऊन कुठवर येऊ द्यायचं, हे बटण दाबण्याआधीच ठरवावं लागे.