चरित्रकार अण्णा बाबाजी लठ्ठे : एका साक्षीदाराची परीक्षा

जुन्या कागदांचा संग्रह करणारांस कागदाइतकाच तो लिहिणारा मनुष्यहि पारखावा लागतो. एखादी बखर हातीं आली म्हणजे ती कोणीं, कोणाच्या सांगण्यावरून व कोणत्या हेतूनें लिहिली हें आपण प्रथम पाहतों. हाच नियम विसाव्या शतकांतील छापील चरित्रासहि लागू आहे. शाहू छत्रपतींचें १९२४ सालीं प्रसिद्ध झालेलें दोन खंडांचें इंग्रजी चरित्र कोल्हापूरच्या अभ्यासकास टाळतां येत नाहीं. परंतु त्याचे कर्ते अण्णा बाबाजी लठ्ठे हे स्वतः त्या इतिहासांतील एक पात्र होते, ही गोष्ट पुष्कळदां ध्यानांत राहत नाहीं. म्हणून त्यांच्या कारकीर्दीचा आम्ही येथें त्रोटक परामर्श घेत आहों.

लठ्ठे यांचा जन्म १८७८ सालीं कुरुंदवाड येथें एका जैन कुटुंबांत झाला. १८९९ सालीं स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या आद्य कार्यकर्त्यांत त्यांची गणना होते. जैन धर्माचा परिचय करून देणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०५ सालीं निघाला. पुढें ते राजाराम कॉलेजांत इंग्रजीचे प्राध्यापक झाले व त्यानंतर संस्थानच्या शिक्षणखात्यांत अधिकारी. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहाची देखरेखहि त्यांच्याकडे होती.

त्या वसतिगृहांत भाऊराव पाटील, पुढें कर्मवीर म्हणून प्रसिद्ध झालेले, विद्यार्थी होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं १९०८ सालीं मिस क्लार्क वसतिगृह निघालें. त्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करूनच आंत यावें असें लठ्ठे यांनीं सांगितलें. भाऊरावांनीं तें मानलें नाहीं आणि त्यांस वसतिगृह सोडावें लागलें. पुढें १९१४ सालीं कोल्हापुरांत बादशहा एडवर्ड यांच्या पुतळ्यास डांबर फांसल्याचें प्रकरण उद्भवलें व संशय लठ्ठे यांच्यावर आला. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांस अटकेंत ठेवून त्यांचा छळ करण्यांत आला. ज्यांनीं आपणांस घालविलें त्यांच्यावर सूड उगविण्याची संधि समोर असतांहि भाऊरावांनीं खोटी साक्ष देण्याचें साफ नाकारलें. लठ्ठे यांस मात्र कोल्हापूर सोडून बेळगांवीं वकिली करावी लागली.

बेळगांवीं त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू झाला. ब्राह्मणेतर चळवळीचे ते एक प्रमुख पुरस्कर्ते बनले. १९१९ च्या सुधारणा-कायद्यानें नवें मध्यवर्ती कायदेमंडळ निर्माण झालें व त्याच्या १९२० च्या पहिल्या निवडणुकींत लठ्ठे निवडून आले. काँग्रेसनें त्या निवडणुकीवर बहिष्कार घातला होता. ६ मे १९२२ रोजीं शाहू छत्रपति निवर्तले आणि दोन वर्षांनीं लठ्ठे यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९२६ सालीं राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत ते कोल्हापूरचे दिवाण झाले. ज्या संस्थानांतून संशयित म्हणून निघावें लागलें, त्याचाच कारभार बारा वर्षांनीं त्यांच्या हातीं आला.

तिसरा भाग याहून वेगळा. १९३७ सालीं लठ्ठे काँग्रेसच्या पक्षांत होते व बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळांत मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. १९३९ च्या ऑगस्टांत मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली. अबकारीचें उत्पन्न बुडणार, त्याची भरपाई शहरी स्थावर मिळकतीवर कर बसवून करण्याची जबाबदारी त्यांच्यावर पडली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. १९५० सालीं लठ्ठे यांचें निधन झालें.

आतां ग्रंथाकडे वळूं. असा मनुष्य शाहूंचा चरित्रकार म्हणून कितपत विश्वसनीय ? तो महाराजांचा नोकर होता, म्हणून मिंधा म्हणावा. त्यांच्याच राज्यांतून निघावें लागलें, म्हणून दुखावलेलाहि म्हणावा. आमच्या मतें या दोन्ही गोष्टी एकत्र असणें हेंच या साधनाचें मोल होय. दुखावलेल्या मनुष्यानें केलेली स्तुति भाटाच्या स्तुतीहून वजनदार असते. शिवाय ग्रंथ दिवाणगिरीपूर्वींचा आहे. तेव्हां ती मिळाल्याची ही परतफेड नव्हे, हें तारखांवरूनच ठरतें. परंतु दुसरी बाजूहि विसरतां कामा नये. वेदोक्तासारख्या वादांत लठ्ठे तटस्थ नव्हते. ते एका पक्षाचे पुढारी होते. त्या प्रकरणांवरील त्यांचें विवेचन हें त्या पक्षाची बाजू म्हणून वाचावें व मूळ दप्तराशीं पडताळावें. त्यांनीं दिलेल्या पत्रांच्या उताऱ्यांस मात्र अधिक मान द्यावा.

सर्वांत बलवत्तर पुरावा तो, जो देणारास स्वतःच्या हिताविरुद्ध द्यावा लागतो. या कसोटीस १९१४ च्या प्रकरणांत भाऊराव उतरले, आणि तेंहि साक्ष न देऊन. दप्तरांत अशा नकाराची नोंद क्वचितच सांपडते. जबान्या जपून ठेवल्या जातात, नकार विरून जातात. म्हणून वसतिगृहांच्या नोंदवह्या, अर्ज, खासगी पत्रें असे किरकोळ वाटणारे कागद संग्राहकांनीं रद्दींत जाऊं देऊं नयेत. मोठ्या चरित्रग्रंथांचा खरेपणा शेवटीं त्यांवरच तोलला जाणार आहे.