मोडलेल्या हाडाचा कायदा : १८६२ ते २०२४

१/ भरधाव मोटार पादचाऱ्याला धडकते. तो वाचतो, पण पाय कायमचा जातो. अशा चालकाला शिक्षा देणारे कलम जून २०२४ पर्यंत कोणत्या काळातले होते? मोटारीचा शोध लागण्यापूर्वीचे! #थ्रेड

२/ मेकॉलेच्या विधी आयोगाने भारतीय दंड संहितेचा मसुदा १८३७ मध्ये सादर केला. त्याचा कायदा होण्यास १८६० साल उजाडले आणि अंमल १ जानेवारी १८६२ रोजी सुरू झाला. रस्त्यांवर तेव्हा बैलगाड्या, बग्ग्या आणि घोडेस्वार होते.

३/ तरीही कलम २७९ दूरदर्शी होते. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वा हयगयीने वाहन हाकून इतरांचा जीव धोक्यात घालणे, हाच गुन्हा. कुणाला खरचटले नाही, तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शके.

४/ जबर दुखापत झाली की कलम ३३८ : दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'जबर' कशाला म्हणावे, हे कलम ३२० सांगे : डोळा वा कान निकामी होणे, हाड किंवा दात मोडणे, वीस दिवस तीव्र वेदना भोगणे इत्यादी.

५/ आता विसंगती पाहा. हयगयीने हाड मोडले तर कलम होते. हयगयीने जीव गेला तर स्वतंत्र कलमच नव्हते! मेकॉलेच्या मसुद्यातली ती तरतूद १८६० च्या कायद्यातून गळली होती. अखेर १८७० मध्ये ३०४-अ ची भर पडली.

६/ मात्र तिथेही कमाल कैद दोनच वर्षे. ठार मारण्याचा हेतू नाही, तशी जाणीवही नाही, केवळ हयगय. म्हणून शिक्षा सौम्य. परिणामी जबर जखमी आणि मृत, दोघांसाठी तराजूत एकच माप राहिले.

७/ पुढे गाड्यांचा वेग वाढला, रुपयाचे मोल घसरले. कलम ३३८ मधला हजाराचा दंड मात्र १६२ वर्षे हलला नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जखमीला भरपाई देऊ शकते, पण अपराध्याला शिक्षा देणे हे त्याचे काम नाही.

८/ १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. हयगयीने जबर दुखापत केल्यास कलम १२५ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू घडल्यास कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. वेदनेची वीस दिवसांची अट पंधरावर आली.

९/ आकडे बदलले. 'किंवा' हा शब्द तेवढा १८६२ पासून जागचा हललेला नाही. पाय गमावलेल्याच्या खटल्यात केवळ दंडावर थांबण्याची मुभा न्यायालयाला आजही आहे. ती असावी की नसावी, हा प्रश्न आता आपल्या पिढीपुढे आहे.