सहा नद्यांवरच्या फुकट नावा

वसई-विरारच्या मुलांना एक कोडं घालावं. नावाडी, व्यापारी, विणकर आणि भिक्षू: चौघांचं काम वेगळं, राहणं वेगळं, तरी एकाचं दुसऱ्यावाचून अडतं. ते कसं? उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर कोरलेलं आहे.

सुमारे १९०० वर्षांपूर्वी क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने तिथे आपली दानं नोंदवून ठेवली. तेव्हाचं शूर्पारक, म्हणजे आजचं वसई-विरारमधलं सोपारा, किनाऱ्यावरचं नावाजलेलं बंदर होतं. ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या जुन्या समुद्रप्रवासाच्या ग्रंथातही त्याचा उल्लेख येतो. बंदरात माल आला तरी तो घेऊन येणाऱ्या परक्या माणसाला पाठ टेकायला जागा हवी, वाटेतली नदी उतरायला नाव हवी. उषवदाताने नेमकं तेच दिलं. शूर्पारक, भरुकच्छ, दशपुर आणि गोवर्धन इथे चौसोपी धर्मशाळा बांधल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि डहाणुका या सहा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, काठांवर विसावे आणि पाणपोया केल्या. डहाणूच्या मुलांना यातलं एक नाव लगेच ओळखू येईल.

शेजारच्या कोरीव लेखात तर गणितच आहे, आणि ते फळ्यावर सोडवून घ्यावं असं आहे. उषवदाताने गोवर्धनच्या एका विणकर श्रेणीकडे, म्हणजे विणकरांच्या संघाकडे, २००० कार्षापण नाणी कायमची ठेव म्हणून दिली. व्याज दरमहा शेकडा १, म्हणजे वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. हिशेब चोख बसतो! मुद्दल परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही कोरलेलं आहे. विणकराला भिक्षू व्हावं लागलं नाही, भिक्षूला मागावर बसावं लागलं नाही. दाता स्वतः शक होता, आणि त्याच्या दानांत ब्राह्मणांना दिलेल्या गाईही आहेत.

या परस्परावलंबनाचा सोपाऱ्यातला पुरावा हातात धरता येईल एवढा लहान आहे. गावकरी ज्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत, ती टेकडी १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी खणली. आत स्तूप निघाला. त्याच्या दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. तांबट, सोनार, पाथरवट, स्फटिक घडवणारा: एवढे हात त्या एका पेटीत आहेत.

हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्याची एक प्रतिकृती सोपाऱ्याच्या शाळांत असायलाच हवी, मुलांना एकेक डबी स्वतः उघडता येईल अशी.