किल्ली सांभाळणाऱ्यांचे आजारपण

व्यसन हा स्वभावदोष नसून आजार आहे, ही मांडणी वैद्यकात जुनी आहे. १८०४ मध्ये थॉमस ट्रॉटर या ब्रिटिश नौदलातील वैद्याने अतिमद्यपानाला मनाचा आजार म्हटले होते. महाराष्ट्रात मात्र हा विचार रुजला तो ब्राउन शुगरच्या, म्हणजेच गर्दच्या, लाटेनंतर. येरवड्याच्या मनोरुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले आणि तेथे उपचारांसाठी येणारा व्यसनी ‘रुग्णमित्र’ झाला. शुश्रूषा करणारीच व्यसनात सापडली तर काय, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

मॉर्फिन, पेथिडिन यांसारखी तीव्र वेदनाशामके वॉर्डात दुहेरी कुलपाच्या कपाटात असतात. किल्ली ड्यूटीवरच्या सिस्टरकडे असते, प्रत्येक ॲम्प्यूलची रजिस्टरात नोंद होते आणि उरलेले औषध साक्षीदारासमोर टाकून दिले जाते. ही व्यवस्था चोरी रोखण्यासाठी रचलेली आहे. रात्रपाळ्यांनी शिणलेल्या, कंबरदुखी अंगावर काढणाऱ्या आणि त्याच इंजेक्शनचा गुण रोज पाहणाऱ्या परिचारिकेचा विचार या व्यवस्थेत नाही. अशा औषधाची शरीराला सवय झाली की तोच परिणाम साधण्यासाठी मात्रा वाढवावी लागते आणि ते थांबताच अंगदुखी, जुलाब, निद्रानाश ही वियोगलक्षणे, म्हणजे व्यसनींच्या बोलीतली ‘टर्की’, सुरू होतात. औषधशास्त्र शिकलेल्या व्यक्तीलाही यातून सूट नसते.

अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९८२ मध्ये व्यसनग्रस्त परिचारिकांना साहाय्य देण्याचा ठराव केला आणि फ्लॉरिडा राज्याने १९८३ मध्ये शिस्तभंगाच्या कारवाईला पर्याय म्हणून उपचार व देखरेखीचा कार्यक्रम सुरू केला. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याचे कलम ६४-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला सेवनाच्या खटल्यापासून संरक्षण देते, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा मानसिक आजारात समावेश केला. परंतु परिचारिकेची नोकरी आणि नोंदणी यांचे काय, याचे उत्तर कलम ६४-अ देत नाही.

सिंधुदुर्गातील वालावलसारख्या गावात नर्सबाईला घरोघरी ओळखतात. जवळच्या रुग्णालयात तिने स्वतःच्या नावाचा केसपेपर काढला तरी बातमी गावात आधी पोहोचण्याची भीती असते, म्हणून गोपनीयतेची हमी आणि उपचारांनंतर काही काळ कपाटाची किल्ली न सोपवता कामावर परत घेण्याची सोय, या दोन गोष्टी तिला औषधोपचाराइतक्याच आवश्यक आहेत.